भरल्या पोटाचे रविवार

चार घावनं आणि वर नारळाचा रस. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेनऊला, मी माझ्या भाचीला एवढं खायला घालायचे. पाच वर्षांच्या पोरीच्या पोटात चार घावनं म्हणजे काय होतं, हे ज्याने घावन खाल्लंय त्याला सांगायला नको. तिसऱ्याला ती म्हणायची, "मावशी, बास." मी म्हणायचे, "एकच. लहानसं." आणि लहानसं म्हणून जे पानात पडायचं ते तव्याएवढंच असायचं. रसात गूळ चालायचा नाही तिला, म्हणून साखर घालायचे. लाड सगळे.

मग तिचं तोंड पुसून, दोन वेण्या घालून, मी तिला तिच्या बापाला भेटवायला न्यायचे.

हे लिहावं की नाही यावरून माझं माझ्याशीच बरंच भांडण झालंय. बहीण म्हणते, "कशाला उकरून काढतेस आता?" पण मला पन्नाशी उलटली. उभ्या आयुष्यात मी कुणाचं ऐकून घेतलं नाही, जे वाटलं ते तोंडावर बोलले, आणि नेमकं जिथे बोलायला हवं होतं तिथे तोंड मिटून बसले. तेव्हा लिहिते.

आमचं घर कोपरला, डोंबिवली वेस्टला. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत माझं मशीन. मी ब्लाउज शिवते. लग्न केलं नाही. का नाही केलं असं विचारणाऱ्यांना मी वेळोवेळी उत्तरं दिलेली आहेत आणि ती इथे छापण्यासारखी नाहीत. माझ्याहून बारा वर्षांनी धाकटी एकच बहीण, ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नर्स. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. मुलगा शहाडचा, लिफ्टच्या मेंटेनन्सला. शीळफाट्याच्या बाजूला जे एवढाले टॉवर उठलेत, तिथल्या लिफ्टा अडकल्या की याला फोन. स्वभावाने गरीब, हसरा. घर बौद्ध. आम्ही कोकणातले मराठे.

आमची आई तेव्हा होती. ती रडली नाही, ओरडली नाही. लग्नाला आली, डोक्यावर हात ठेवला, नातीच्या बारशालाही शहाडला गेली. पण त्या घरात तिने कधी काही तोंडात घातलं नाही. चहा नको, पित्त होतं. पाणी नको, डॉक्टरांनी उकळलेलंच सांगितलंय. पिशवीत स्वतःची बाटली. आईचं पित्त फक्त शहाडलाच खवळायचं, हे मला कळत होतं. जावयाला कळत असेल असं कधी मनातही आलं नाही माझ्या. हसरा होता ना.

पोर साडेचार वर्षांची असताना धाकटी तिला घेऊन कोपरला आली ती परत गेलीच नाही. का, ते मी सांगणार नाही. दोघांचीही बाजू मी इतक्या वेळा ऐकलीय की आता दोन्ही खऱ्या वाटतात. आई वर्षभरापूर्वीच गेलेली. मग वकील झाले, तारखा झाल्या, आणि कोर्टाने लिहून दिलं की बापाने मुलीला महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी भेटावं, अकरा ते चार. जागा ठरली कल्याणची, काळ्या तलावाची बाग. त्याला शहाडहून जवळ, आम्हाला कोपरहून फार लांब नाही. आईकडचं कुणीतरी मोठं माणूस तेवढा वेळ आसपास असावं, हेही त्यात होतं. धाकटीला रविवारी ड्युटी, आणि नसती तरी त्याचं तोंड बघायची तिची तयारी नव्हती. म्हणजे राहिले कोण? मी.

आमच्या घरची एक पद्धत आहे, ती आधी सांगते. पोर कुणाच्याही दारात जाणार असेल तर भरल्या पोटी जाणार. लग्न असो, बारसं असो, आई आम्हाला घरून आमटीभात खायला घालून मगच बाहेर काढायची. तिकडे पंगतीत जिलेबी असायची आणि आमच्या पोटात जागा नसायची. कुणी काही दिलं तर "पोट भरलंय" म्हणायचं, दोनदा आग्रह झाला तरी तेच म्हणायचं. माझ्या पोरांवर कुणाच्या पानाकडे बघत बसायची वेळ येता कामा नये, असं तिचं. लहानपणी गावाला तीच कधी कुणाच्या ओटीवर तशी बसली असेल. तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मी भाचीलाही तेच शिकवलं. कोपरच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत आमची पोर गुणाची म्हणून प्रसिद्ध होती, कुणाकडे कशाला हात लावत नाही म्हणून.

तर पहिला रविवार. तो आमच्या आधी येऊन उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पंचात बांधलेला तीन मजली स्टीलचा डबा. मी त्याला लग्नाआधीपासून अरेतुरे करायचे, धाकटीचा मित्र म्हणून घरी यायचा तेव्हापासून. त्या दिवशी म्हटलं, "चारला इथेच आणून सोडा. तुम्ही उशीर करू नका." तो 'तुम्ही' ऐकून त्याने मान खाली घातली. मी पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. पिशवीत गिऱ्हाइकांचे ब्लाउज होते, हुक लावायचे राहिलेले. सुई ओवली आणि डोळे तिकडे.

त्याने बाकावर पेपर पसरला, डबा उघडला. वरणभात होता आणि बटाट्याच्या काचऱ्या. संसारात असताना ह्या माणसाला चहा धड जमत नसे. काचऱ्या एक जाड, एक बारीक, दोन-चार करपलेल्या, मला लांबूनही दिसत होतं. म्हणाला, "पप्पाने स्वतः केलंय, बघ." पोरीने डब्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी काही खूण केली नाही. गरजच नव्हती.

"पोट भरलंय," ती म्हणाली.

"बरं. मग थोड्या वेळाने."

थोड्या वेळाने परत विचारलं. परत तेच. साडेतीनला त्याने झाकण लावलं आणि डबा पंचात गुंडाळला. तो स्वतःही जेवला नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? माझ्या बहिणीला रडवलंय ना, बस आता डबा घेऊन, असं मनात आलं.

पण माणूस हट्टी. दर वेळी डबा. आणि दर वेळी त्यातलं सुधारत गेलेलं. तीन महिन्यांत काचऱ्या एकसारख्या पातळ पडायला लागल्या. मग अंड्याचं कालवण आलं, मग मऊ घडीच्या पोळ्या आल्या. मी चाळीस वर्षं पोळ्या लाटतेय, मला लांबून कळतं कुणाची पोळी कशी झालीय ते. कुणाकडून शिकत होता कोण जाणे, त्याची आई तर लग्नाआधीच वारलेली. एकदा बाकाजवळ येऊन विचारलंन, "ताई, तिला हल्ली काय आवडतं?"

"घरचं सगळं आवडीने खाते," मी म्हटलं. हुक लावता लावता, मान वर न करता.

एकदा डबा माझ्यापुढे धरला. "तुम्ही तरी घ्या."

"माझा उपास आहे."

रविवारी कसला उपास, कपाळ माझं! रविवारी मटण आणायला आमच्या गल्लीत पहिली मी असते, हे त्याला माहीत होतं. आमच्याकडे किती वेळा तो मटण जेवलाय. त्याने डबा मागे घेतला आणि "बरं" म्हणाला.

पोरीचं आणि त्याचं एरवी छान चाललेलं असायचं. त्यांचा एक खेळ होता. ती त्याच्या शर्टाचं बटण दाबायची आणि मजला सांगायची. "पहिला" म्हटलं की तो तिला गुडघ्यापर्यंत उचलायचा, "दुसरा" म्हटलं की कमरेपर्यंत, आणि "गच्ची" म्हटलं की एकदम डोक्याच्या वर. मधेच लिफ्ट अडकायची. मग ती किंचाळायची आणि तो स्वतःलाच फोन लावायचा, "हॅलो, मेंटेनन्स का? अहो, मुलगी अडकलीय." मी बाकावर बसून हसू दाबायचे. दाबायचे म्हणजे काय, रागच यायचा मला त्या हसण्याचा.

एका सोमवारी तयार होताना ती म्हणाली, "मावशी, तू ने ना मला गच्चीवर." मी उचलायला गेले आणि दुसऱ्या मजल्यावर माझी कंबर धरली. ती म्हणाली, "जाऊ दे. पप्पाच नेतो." आणि दप्तर घेऊन गेली.

तोपर्यंत तीन घावनं असायची. चौथं त्याच्या पुढच्या रविवारपासून. आता समजलं ना? पद्धत आईची होती. चौथं घावन माझं.

तिला मी न्हाऊ घातलेलं, मी गोवर काढलेला, शाळेच्या गॅदरिंगचा फ्रॉक मी शिवलेला. धाकटीच्या शिफ्टमध्ये ती झोपायची माझ्या कुशीत. बाप पंधरा दिवसांनी पाच तास येणार आणि गच्चीवर नेणार. मला ते सहन होत नव्हतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्याची मी सालटी काढली असती.

तिचा सहावा वाढदिवस वैशाखात. त्यांची पौर्णिमा नुकतीच झालेली. त्या रविवारी डब्यात तांदळाची खीर होती. "माझी आई पौर्णिमेला करायची, तशी केलीय," तो पोरीला सांगत होता. "तुझी आजी. तू पाहिली नाहीस तिला." पोरीने माझ्याकडे पाहिलं. मग काय वाटलं तिला देव जाणे, तिने पाठ माझ्याकडे केली आणि म्हणाली, "थोडीशी."

थोडीशी कसली, सगळी वाटी खाल्ली तिने. सहा वर्षांची पोर, गळ्यापर्यंत भरलेली, आणि समोर बाप एकेका चमच्याकडे बघत बसलेला. शेवटचे दोन घास तर तिने तोंडात धरून ठेवले नि मग गिळले. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं, इतका तो खूश झालेला. वाटी खाली ठेवली आणि तिने त्याच्या शर्टाचं बटण दाबलं. "गच्ची!"

त्याने उचललं आणि तिला उलटी झाली. त्याच्या केसांवर, खांद्यावर, इस्त्रीच्या शर्टावर.

मी पळत गेले. त्याच्या हातातून तिला ओढून घेतलं आणि आख्ख्या बागेला ऐकू जाईल अशी ओरडले, "काय घातलंत तिला? काय खायला घातलंत माझ्या पोरीला?" लोक थांबले. एक आजोबा म्हणाले, "उन्हाचं दूध नासलं असेल."

"ताजी आहे, ताई," तो म्हणत होता. "सकाळी सातला केली. आईशप्पथ ताजी आहे." आणि डब्यात उरलेली खीर त्याने तिथेच उभ्या उभ्या चमच्याने खाऊन दाखवली. शर्टावरून ते ओघळत होतं, आणि हा मला खीर खाऊन दाखवत होता.

ओघळत होतं ते पांढरं होतं. घावनं पांढरी, नारळाचा रस पांढरा, साखर घातलेला. त्याला ती सगळी खीरच वाटली. मला माहीत होतं की त्यातली अर्धी माझ्या तव्यावरची आहे. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. पोरीला कडेवर घेतलं आणि रिक्षा केली.

त्यानंतर डबा बंद. तो बिस्किटांचे पुडे आणायला लागला, ज्यूसचे डबे, सगळं सीलबंद. आल्या आल्या आधी माझ्या बाकाशी यायचा आणि पुडा माझ्यापुढे धरायचा. "तारीख बघून घ्या, ताई." मी बघायचे. खरंच बघायचे. पाकिटाच्या कडेवरचे ते बारीक आकडे वाचायला चष्मा काढायचे पिशवीतून. इतकी कशी मी निर्लज्ज!

त्याच सुमाराला त्याचा कोर्टात अर्ज होता. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार मुलीला शहाडला मुक्कामाला नेता यावं म्हणून. त्यासाठी कोर्टातल्या समुपदेशक मॅडमनी आम्हाला बोलावलं. भली बाई होती. आधी पोरीशी एकटीशी बोलली, चित्रं काढायला दिली. मग आम्हाला आत घेतलं, एका बाजूला तो, एका बाजूला धाकटी आणि मी. भेटींना मी हजर असते म्हणून मलाच विचारलं.

"वडिलांसोबत मोकळी असते का?"

"खेळते."

"खाते-पिते त्यांच्याकडे?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही खात. पाणीसुद्धा घरच्या बाटलीतलं पिते. एकदा खाल्लं तर उलटी झाली."

प्रत्येक शब्द खरा होता. मॅडमनी लिहून घेतलं आणि त्याला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. मला वाटलं आता हा भांडेल. तो खाली बघून म्हणाला, "बरोबर आहे, मॅडम. तिला माझ्याकडचं चालत नाही."

"चालत नाही म्हणजे?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे आवडत नाही," म्हणाला.

मुक्काम मिळाला नाही. मूल अजून रुळलेलं नाही, वर्षभराने पुन्हा बघू, असं ठरलं. बाहेर आल्यावर धाकटीने सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. आम्ही येताना वडापाव खाल्ला, तो मला अजून आठवतो.

पंधरा दिवसांनी बागेत तो नेहमीप्रमाणे बाकाशी आला, पुडा दाखवला, आणि म्हणाला, "ताई, मी सुरतला चाललो. कंपनी कधीपासून मागे लागलेली. मुक्काम मिळाला असता तर नाही म्हणालो असतो. आता एवढ्यासाठी..." एवढ्यासाठी म्हणजे बिस्किटाच्या पुड्यासाठी. पुढचा रविवार शेवटचा.

ते पंधरा दिवस माझ्या हातून हुक उलटे लागत होते. एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज तर पाठीला काखेपर्यंत कापला. पोरीला सांगितलं की पप्पा लांब जाणार, तर ती म्हणाली, "कितव्या मजल्यावर?" मला रडू फुटलं. आणि मग मी ठरवलं की ह्या वेळी पोरीला उपाशी न्यायचं. बाप डबा आणेल, शेवटचा रविवार आहे, आणणारच. पोर जेवेल. त्याच्या डोळ्यांदेखत जेवेल. मग सगळं नीट होईल, असं मला का वाटलं, विचारू नका. एक फोन करायचा होता त्याला, "डबा आणा" एवढंच सांगायला. नंबर होता माझ्याकडे. पण डबा आणा म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, तिला कुठे चालतो? आणि मग मला सांगावं लागलं असतं. म्हणून नाही केला. चूक निस्तरायची, पण आपण चुकलो हे मात्र कुणाला कळू द्यायचं नाही, असली माझी अक्कल.

सकाळी तिला अर्धा कप दूध दिलं. तिने विचारलं, "घावनं?"

"आज पप्पांकडे जेव."

"पण ते डबा नाही आणत आता."

"आज आणतील गं."

ती इतकी आनंदाने निघाली की वेण्या घालताना स्वस्थ उभी राहीना.

त्याने डबा आणला नाही. कशाला आणेल? पिशवीत एक बाहुली होती, रंगाची पेटी होती, आणि दोन पुडे. मी तारीख बघितली नाही, तर तो गोंधळला. पोर बाकावर बसली आणि वाट बघायला लागली. त्याने पुडा पुढे केला, तिने मान हलवली. डब्यासाठी पोट राखून ठेवलं होतं ना तिने. त्याने नेहमीच्या सवयीने पुडा तिच्या बॅगेत घातला, "घरी खा." बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. मी बाकावर नुसती बसलेली, सुईला हात नाही. उठून जाऊन सांगावं, तर पाय उठेनात. ती दर थोड्या वेळाने त्याच्या पिशवीकडे बघत होती. मागत नव्हती. मागायचं नाही, हे मीच शिकवलेलं. तो म्हणाला, "चल, गच्ची." ती म्हणाली, "नको, चक्कर येते." तसा त्याने घाबरून हात मागे घेतला आणि पुन्हा तिला उचललंच नाही.

चार वाजता फाटकाशी ती म्हणाली, "पप्पा, डबा?"

तो खाली बसला. "तुला चालत नाही ना बाळा."

"मला भूक लागलीय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

त्याने वर माझ्याकडे पाहिलं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं ते सगळं एकदम निघालं. "मी भरवून आणते तिला. दर वेळी. चार घावनं घालते निघायच्या आधी. त्या दिवशी खिरीला काही झालं नव्हतं. आज उपाशी आणलंय."

त्याने बाहीने पोरीचे डोळे पुसले. मग विचारलंन, "का?"

आणि मी, एवढी तोंडाळ बाई, मला एवढंच सुचलं. "आमच्याकडे तशी पद्धत आहे."

त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. शांतच होता. म्हणाला, "हो, ताई. तुमच्याकडची पद्धत मला माहितीये. आई पण बाटली आणायच्या."

"नाही रे, तसं नाही," मी म्हटलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा 'रे' आला तोंडात. "तसं नाही रे, आमच्यात सगळीकडेच... लग्नाला जातानासुद्धा..." पण त्याने पोरीला उचललं होतं आणि तो समोरच्या इडलीच्या गाडीकडे चालायला लागला होता. तिथे त्याने तिला स्वतःच्या हाताने भरवलं. पाच इडल्या खाल्ल्या तिने, चटणी ओघळेपर्यंत. तो गाडीवाल्याला सांगत होता, "मुलगी आहे माझी. बघा कशी खाते." आणि मग तोंड फिरवून उभा राहिला.

निघताना मी म्हटलं, "मी मॅडमना जाऊन सांगते. उद्याच जाते."

"काय सांगणार? तुम्ही बोललात ते खरंच होतं ना."

मी गेले नाही. जायला हवं होतं. घरी येऊन धाकटीला सांगितलं, तर ती युनिफॉर्मवर तशीच पलंगावर बसून राहिली. शेवटी म्हणाली, "त्याच्याशी भांडण माझं होतं, ताई." मग उठून भांडी घासायला लागली.

तसं नव्हतं, हे मी त्याला म्हटलं. आईच्या मनात होतं, माझ्या मनात नव्हतं, असं मी आधी छातीठोकपणे सांगायचे. आता नाही सांगत. तो डबा दुसऱ्या कुणाचा असता, आमच्यातल्या कुणाचा, तर रविवारी मी उपास सांगितला असता का? ह्याचं उत्तर मला येत नाही, आणि आईला आता विचारता येत नाही.

ह्याला पाच वर्षं झाली. शहाडची खोली त्याने सोडली. वर्षातून दोनदा येतो, पोरीला घेऊन हॉटेलात जेवतो, संध्याकाळच्या गाडीने परत जातो. तिने त्याच्या हातचं आयुष्यात एक वाटी खीर खाल्लीय, आणि तीही पोटात राहिली नाही.

दर रविवारी एक वाजता त्याचा व्हिडिओ कॉल येतो. पोर आता अकरा वर्षांची, वेण्या स्वतःच्या स्वतः घालते. मी तिला साडेबाराला वाढते, मटण-भाकरी, चांगली दोनदा घेऊन खाते. "अजून घालू?" म्हटलं तर म्हणते, "बास मावशी, पोट भरलंय." मग फोन वाजतो आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"जेवलीस?"

"नाही अजून," ती म्हणते.

तसा तो खुलतो. फोन घेऊन ओट्याशी जातो, कढईवरचं झाकण काढून दाखवतो. "बघ काय केलंय आज." ती फोन जवळ घेऊन बघते, विचारते, "मीठ बघितलंत का?" तो चमच्याने चाखून सांगतो, बरोबर आहे. ती म्हणते, "मस्त दिसतंय. मला ठेवा थोडं." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं होतं. तिने फोनवरून नजर न काढता नुसता हात वर केला, आणि मी गप्प बसले.

तिचं खरकटं ताट तिथेच तिच्यासमोर असतं. फोनमध्ये दिसू नये म्हणून मी ते हळूच उचलते, मोरीत नेऊन ठेवते, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत नळ सोडत नाही.